हलालची चौकशी मजुरीपर्यंत न्यायला हवी

रमजान जवळ आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या फिरू लागतात. अमुक बिस्किटात जिलेटिन आहे, तमुक आइस्क्रीममधला ई-४७१ कशापासून काढतात ते नक्की नाही, या कंपनीच्या चॉकलेटवर हलालचा शिक्का आहे आणि त्या कंपनीच्या नाही. याद्या पाठवणारे मनापासून पाठवतात. त्यांची थट्टा करायची नाही मला. आपल्या पोटात काय जातंय याची विचारपूस करणारी माणसं कुठल्याही समाजात असावीतच. माझी तक्रार वेगळी आहे. ही चौकशी वस्तू कशाची आहे इथपर्यंत येते आणि थांबते. ती कुणी केली, त्याला काय मिळालं, वजन पुरं झालं का, पैसे वेळेवर दिले का, हे प्रश्न त्या यादीत कधीच नसतात.

चॉकलेटचंच घ्या. जगातल्या कोकोपैकी निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क या संस्थेचा अहवाल आला. त्यात या दोन देशांच्या कोको पट्ट्यात सुमारे साडेपंधरा लाख मुलं कोकोच्या कामाला जुंपलेली असल्याचा अंदाज दिला आहे. शेंगा कोयत्याने फोडणं, जड ओझी वाहणं, औषध फवारणीच्या वेळी शेतात असणं, अशी ती कामं. त्या चॉकलेटमध्ये डुकराची चरबी नाही हे कळलं की आपलं समाधान होतं. दहा वर्षांचा पोरगा आहे का, हे आपण विचारत नाही.

कुणी म्हणेल, हा प्रश्न चांगला असेल, पण तो दीनचा नाही, तुमच्या पुरोगामीपणाचा आहे. असं म्हणणाऱ्याने कुरआनातली 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह उघडून पाहावी. मापात मारणाऱ्यांवर एक अख्खी सूरह आहे आणि तिचं नावच त्यांच्यावरून पडलंय. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशी त्यांची ओळख तिथे करून दिली आहे. हजरत शुऐब (अलै.) ज्या मदयनवासीयांकडे पाठवले गेले, त्यांचा ठळक गुन्हाही बाजारातलाच होता: माप आणि वजन. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि खालचं धान्य ओलं निघालं, तेव्हा ते त्या व्यापाऱ्याला काय म्हणाले हे आपल्या मदरशातल्या लहान मुलांनाही पाठ असतं. धान्य हलालच होतं. व्यवहार नव्हता.

आता हे माप आपल्या राज्यात आणून पाहू. विड्या वळण्याचं काम सोलापूर, सिन्नर, संगमनेर, अहिल्यानगर या भागांत हजारो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. त्यात पद्मशाली बायका आहेत, दलित आहेत, आणि मुसलमान बायकाही पुष्कळ आहेत. (विडी ओढणं बरं की वाईट हा भाग वेगळा. वळणारीच्या मजुरीशी त्याचा संबंध नाही.) या धंद्यातला एक शब्द ज्यांच्या घरात विडी वळली जाते त्यांना समजावून सांगावा लागत नाही: छाट. बाईला पत्ता आणि तंबाखू वजनाने मिळतो आणि त्यातून ठरलेली संख्या भरून द्यायची असते. पत्ता फाटका, सुकलेला निघाला तर संख्या भरत नाही. मग ती पदरचे पैसे घालून पत्ता विकत आणते. इतकं करून विड्या जमा करायला गेली की तपासणारा त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी नाही. बरं, त्या परतही मिळत नाहीत, म्हणजे त्या फुकटच गेल्या. देताना पत्ता कमी आणि घेताना विडी जास्त. सूरह मुतफ्फिफीनची तफसीर लिहिणाऱ्याला याहून नेमकं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. निपाणीच्या तंबाखू आणि विडी कामगार बायकांनी याच प्रकारांविरुद्ध मोठा लढा दिला. तो कामगार चळवळीच्या इतिहासात सांगितला जातो. जुम्म्याच्या बयानात मी तो कधी ऐकलेला नाही.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर वेगळी गंमत आहे. मालेगावचे मोमीन विणकर १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेतून आलेले. हातमाग घेऊन आले, नंतर त्यांचे यंत्रमाग झाले. आज तिथे सूत एकाचं, माग दुसऱ्याचा आणि हात तिसऱ्याचा असतो. सूत देणारा व्यापारी मागवाल्याला पिकाच्या हिशोबाने, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती यावर पैशांत ठरलेल्या दराने मजुरी देतो. मागवाला पुढे कामगाराला मीटरवर देतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. घरोघरी कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरी तर कुठल्याच हिशोबात धड दिसत नाही. सुताचा भाव वरखाली झाला की व्यापारी हात आखडतो, माग बंद राहतात आणि त्या दिवसांचं नुकसान साखळीच्या सगळ्यात खालच्या माणसाच्या अंगावर पडतं. त्याला मीटरवर मजुरी आहे, माग बंद म्हणजे मीटर शून्य. दोन-चार माग चालवणारा मागवालाही काही सुखात नसतो, हे इथे सांगायला हवं. त्याला खलनायक करणं सोपं आहे, पण भाव ठरवणं त्याच्याही हातात नाही.

या साखळीत वरपासून खालपर्यंत बरेचदा आपलीच माणसं असतात. व्यापारी नमाजी, मागवाला नमाजी, कामगार नमाजी. आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत साखळीच्या वरच्या टोकाच्या घरासमोर बुरख्यातल्या बायकांची रांग लागते. शेठ जकात वाटत असतात. त्या रांगेत अशीही एखादी बाई असते जिच्या नवऱ्याची वर्षभराची मजुरी दर मीटरमागे थोडी थोडी कापून त्याच मोहल्ल्यात कुणाची तरी श्रीमंती उभी राहिलेली असते. फिकहचा नियम इथे साफ आहे. जकात मजुरीच्या बदल्यात देता येत नाही. कामगाराचं जे देणं आहे ते जकातीत वळतं करता येत नाही, दिलं तर जकात अदा होत नाही. मजुरी हा हक्क आणि जकात हाही हक्कच, पण दोन वेगळे हक्क. घाम वाळायच्या आत मजुरी द्या, या अर्थाची हदीस आपण कॅलेंडरवर छापतो. ती छापणाऱ्या प्रेसमधल्या मुलाचा पगार किती आणि कधी होतो हे कुणी विचारत नाही.

एका ओळखीच्या कापड व्यापारी चाचांशी मी या विषयावर बोललो, तेव्हा त्यांनी दोन मुद्दे काढले. पहिला, सौदा दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने झाला की तो जायज. दुसरा, मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषितांना (स.) भाव बांधून देण्याची विनंती केली होती आणि त्यांनी ती नाकारली. म्हणजे बाजार ठरवेल तो भाव. दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्ही अर्धे आहेत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दमास्कसच्या इब्ने तैमियांनी 'अल-हिस्बा'मध्ये याच हदीसवर सविस्तर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की माल खरोखर कमी आला म्हणून भाव चढला तर तो बांधणं हा विक्रेत्यावर जुल्म होईल. पण काही जण संगनमत करून बाजार अडवून धरत असतील, किंवा लोकांना ज्या कामाची गरज आहे ते करणाऱ्यांची अडवणूक होत असेल, तर रास्त भाव आणि रास्त मजुरी ठरवून देणं हे शासनाचं कर्तव्य होतं. रास्त मजुरीला फिकहमध्ये शब्दच आहे, 'उजरतुल मिस्ल'. राहिली राजीखुशी. शहरातल्या व्यापाऱ्याने वेशीबाहेर जाऊन, बाजारातला भाव कळायच्या आत, खेड्यातून येणाऱ्या माणसाचा माल उचलायचा नाही अशी स्पष्ट मनाई हदीसमध्ये आहे. तिथेही विकणारा राजीच असायचा. पण ज्याला भाव माहीत नाही किंवा ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची आहे, त्याच्या होकाराला राजीखुशी म्हणत नाहीत, हे त्या मनाईमागचं शहाणपण आहे. आपल्या शेतकऱ्याच्या बांधावर कापूस उचलणाऱ्या खेडा खरेदीवाल्यांनीही हे वाचायला हरकत नाही.

मग करायचं काय? इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. मुसलमान वाचकांना ती माहीत असेल, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. प्रेषित्व मिळण्याच्या बऱ्याच आधीची, मक्केची गोष्ट. येमेनकडच्या जुबैद कबिल्याचा एक व्यापारी माल घेऊन आला. मक्केतला बडा असामी आस बिन वाइल याने माल घेतला आणि पैसे देईना. परक्याच्या बाजूने कोण उभं राहणार? त्याने दारं ठोठावली, कुणी दाद दिली नाही. शेवटी अबू कुबैस टेकडीवर चढून त्याने काबागृहाजवळ बसलेल्या कुरैशांना ओरडून आपली फिर्याद ऐकवली. तेव्हा प्रेषितांचे चुलते जुबैर बिन अब्दुल मुत्तलिब उठले. अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही घराणी जमली आणि त्यांनी करार केला: मक्केत कुणावरही जुल्म झाला, तो इथला असो की बाहेरचा, त्याचा हक्क मिळेपर्यंत आम्ही सगळे त्याच्या बाजूने. मग सगळे मिळून आसकडे गेले आणि व्यापाऱ्याला त्याचं देणं मिळवून दिलं. याला हिल्फुल फुजूल म्हणतात. विशीतले मुहम्मद (स.) तिथे हजर होते, आणि पुढे प्रेषित झाल्यावरही ते म्हणत की अशा करारासाठी इस्लाममध्येही मला बोलावलं तर मी जाईन.

या गोष्टीत फसवणारा आपला आहे आणि फसवला गेलेला परका. करार करणारे तेव्हा मुसलमान नव्हते, कारण इस्लाम यायचा होता. तरीही प्रेषितांना तो शेवटपर्यंत प्रिय राहिला. आजच्या आपल्या परिस्थितीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं, त्याचं कारण सांगतो.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोर्च्यांच्या व्यासपीठांवरून मुसलमान विक्रेत्यांकडून काही घेऊ नका असं उघडपणे सांगितलं गेलं. २०२५ मध्ये मढीच्या कानिफनाथ यात्रेत मुस्लिम दुकानदारांना जागा देऊ नये असा ठराव ग्रामसभेत झाला. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेत बांगड्या, खेळणी, रेवड्या विकणाऱ्या माणसाला एका सकाळी कळतं की त्याचा माल तोच आहे, भाव तोच आहे, नाव मात्र चुकीचं आहे. याला आपल्या मोहल्ल्यातून जे उत्तर येतं ते मला समजतं, पण पटत नाही. उत्तर असं, की मग आपणही आपल्याच माणसाकडून घेऊ. आपला किराणावाला, आपला शिंपी, आपला डॉक्टर. रागाच्या भरात हे बरं वाटतं. पण त्याने यंत्रमागावरच्या कामगाराचं काय होतं? त्याचा मालक आधीपासून 'आपलाच' आहे. विड्यांमधली छाट काढणारा कधी आपला असतो, कधी त्यांचा. नाव बघून केलेली खरेदी, ती कुठल्याही बाजूने केलेली असो, मजुरीचा प्रश्न झाकून टाकते. शेठ आणि मजूर एकाच झेंड्याखाली उभे राहतात आणि शेठला हिशोब विचारणारा घरभेदी ठरतो.

न्याय बघून खरेदी करणं ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला जगात बराच इतिहास आहे. १७९१ मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम फॉक्स यांचं एक पत्रक निघालं. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांकडून पिकवून घेतलेली साखर घरात आणू नका, असं त्यात आवाहन होतं. लाखो लोकांनी साखर सोडली. घरातला बाजारहाट बायकांच्या हाती असल्यामुळे त्यांनीच ते आंदोलन चालवलं. पुढे तिथे असे साखरदाणेही विकले जाऊ लागले, ज्यांच्यावर लिहिलेलं असे की यातली साखर गुलामांच्या हातची नाही. आपल्याकडे १९३५ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय चरखा संघाला सूत कातणाऱ्या बायकांची मजुरी वाढवायला लावली. खादी महागेल, विक्री पडेल, असं कार्यकर्ते सांगत होते. गांधीजींचं म्हणणं, कातणारीचं पोट भरत नसेल तर स्वस्त खादी काय कामाची. फेअर ट्रेड हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता.

आज जो फेअरट्रेडचा शिक्का आपण ऐकतो, त्याची सुरुवात १९८८ मध्ये हॉलंडमध्ये झाली, मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या छोट्या कॉफी शेतकऱ्यांच्या मालापासून. त्या शिक्क्याला नाव दिलं होतं माक्स हावेलार. हे १८६० सालच्या एका डच कादंबरीचं नाव. ती लिहिणारे एडुआर्ड डौवेस डेकर, टोपणनाव मुलतातुली, हे जावा बेटावर लेबाकला डच सरकारचे अधिकारी होते. तिथली मुसलमान रयत डच अंमलाखाली कशी नागवली जात होती हे त्यांनी पाहिलं, वरिष्ठांकडे तक्रार केली, कुणी ऐकलं नाही आणि त्यांनी नोकरी सोडली. त्यांची तक्रार नुसती गोऱ्यांविरुद्ध नव्हती. रयतेच्या म्हशी ओढून नेणारे जावामधले स्थानिक सरदार होते, रयतेच्याच धर्माचे, डच सत्तेच्या छत्राखाली. म्हणजे जगभरच्या न्याय्य व्यापाराच्या चळवळीचं पहिलं नाव एका मुसलमान शेतकरी समाजाच्या दुःखावरून आलं आहे, आणि त्या दुःखातही 'आपल्यांचा' वाटा होता.

या व्यवस्थेत काय असतं? शेतकऱ्यांच्या सहकारी संघाला किमान भावाची हमी असते. बाजार त्याखाली पडला तरी भाव पडत नाही. वर एक जादा रक्कम मिळते, ती शाळेवर, विहिरीवर की गोदामावर खर्च करायची ते सभासद मिळून ठरवतात. आणि मागितल्यास मालाच्या आधी काही पैसे मिळतात. २००० साली इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गारस्टँग या छोट्या गावाने स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव जाहीर केलं. पुढाकार घेणारे ब्रूस क्राऊदर हे गुरांचे डॉक्टर. त्यांनी गावातली चर्चेस, शाळा, दुकानं यांना एकेक करून राजी केलं. आज अशी दोन हजारांवर गावं आणि शहरं जगात आहेत. ब्रिटनमधल्याच 'झैतून' या संस्थेने पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचं ऑलिव्ह तेल विकायला घेतलं, आणि २००९ मध्ये त्या तेलाला फेअरट्रेडचा शिक्का मिळाला. जगात ऑलिव्ह तेलाला मिळालेला तो पहिलाच. पॅलेस्टाइनच्या नावाने आपल्याकडे बहिष्काराच्या याद्या भरपूर फिरल्या. काय घेऊ नये ते सगळ्यांना पाठ झालं. ज्याची झाडं उपटली जातात त्याचं तेल कोण विकत घेतं, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे आणि तो आपल्या यादीत नव्हता.

शिक्क्यावर माझा आंधळा विश्वास नाही. २०१४ मध्ये लंडनच्या सोआसमधल्या अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडामधली पाहणी मांडली. फेअरट्रेड भागातल्या शेतांवर रोजंदारीने राबणाऱ्या मजुरांची मजुरी इतर ठिकाणच्यापेक्षा चांगली नव्हती, काही ठिकाणी तर कमीच होती. शेतकऱ्याला भाव मिळाला, पण त्याच्या शेतातल्या मजुरापर्यंत तो पोचला नाही. शिवाय शिक्क्याची फी असते, कागदपत्रं असतात. दोन माग चालवणाऱ्याला ती परवडत नाहीत. आणि आपल्याकडे शिक्क्याचा माल मुंबई-पुण्याच्या ज्या दुकानांत मिळतो, तिथे भिवंडीचा कामगार आत पाऊलही टाकणार नाही.

काही वस्तूंच्या बाबतीत तर ग्राहकाला निवडच नसते. शीरखुर्म्यात पडणारी साखर कुठल्या कोयत्याने तोडलेल्या उसाची आहे हे कुणालाही सांगता येणार नाही. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघं बांधलेली राहतात आणि एक दिवस खाडा झाला तर दंड लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. इथे साखर न घेऊन काही होणार नाही. इथे कायदाच हवा, आणि महाराष्ट्राला त्याचा अनुभव आहे. १९६९ चा माथाडी कायदा आणून राज्याने हमालांची मजुरी मंडळामार्फत द्यायला लावली, त्यावर भविष्य निर्वाह निधी आणि इतर लाभ जोडले. डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत आणि अण्णासाहेब पाटलांची माथाडी संघटना यांच्या रेट्याशिवाय ते झालं नसतं. ढाक्याजवळ राणा प्लाझा २०१३ मध्ये कोसळून ११०० हून जास्त माणसं मेली. त्यानंतर मोठ्या ब्रँडना कायद्याने बांधणारा सुरक्षा करार सही करावा लागला तो कामगार संघटना आणि ग्राहक दोघांनी मिळून लावलेल्या जोरामुळे. कपडे शिवताना दबून मेलेल्या त्या मुलींपैकी बहुतेक आपल्याच कलम्याच्या होत्या, आणि इमारतीला तडे गेलेले दिसत असताना त्यांना आत पाठवणारेही.

तरीही आपल्या हातात जेवढी खरेदी आहे तेवढ्याबद्दल बोलायला हवं, आणि ती आपण समजतो तितकी लहान नाही. एकट्या घराची पिशवी लहान असते. पण मोहल्ल्यातली मशीद, मदरसा, अंजुमन, जकात फंड, हे सगळे मोठे गिऱ्हाईक आहेत. रमजानमध्ये शेकडो घरांना वाटायची रेशन किट एका मशिदीतून जातात: तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर, वर एक पिशवी. मदरशाच्या मुलांचे कुर्ते-पायजमे दरवर्षी शिवले जातात. मशिदीच्या सफा, जानमाज, गरिबांना वाटायच्या साड्या आणि लुंग्या, सामुदायिक निकाहातल्या जोड्यांचे कपडे. हे सगळं आज कसं घेतलं जातं? तीन कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात कमीवाल्याला द्यायचं. कमिटीतले लोक प्रामाणिक असतात. उम्मतचा पैसा आहे, एक रुपया वाया जाऊ नये, असंच त्यांना वाटतं. पण सगळ्यात कमी भाव कसा निघाला, हे न विचारल्यामुळे होतं असं, की मुंब्र्याच्या किंवा गोवंडीच्या एखाद्या खोलीत पिशवीमागे अगदी थोड्या मजुरीवर शिवणारी बाई ती पिशवी शिवते आणि नंतर तीच पिशवी भरून तिच्या दारात सदका म्हणून येते. तिला रास्त मजुरी दिली असती तर कदाचित तिचं नाव किटच्या यादीत लागलंच नसतं.

म्हणून कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा, एवढीच माझी सूचना आहे. शिवणाऱ्याला नगामागे किती, विणणाऱ्याला मीटरमागे किती, ते लिहून द्या. भाव दोन-पाच रुपयांनी चढेल. शंभर किटऐवजी पंच्याण्णव होतील. त्यावर कमिटीत वाद होईल आणि तो व्हावा. डाळ-तांदूळ शेतकरी गटाकडून थेट घेता येत असेल तर तो गट कुठल्या जातीधर्माचा आहे हे विचारू नका, वजनकाटा कुणाचा आणि पैसे किती दिवसांत, ते विचारा. मुसलमान शेठ मजुरीचा आकडा लिहून द्यायला तयार नसेल आणि हिंदू शेठ तयार असेल, तर ऑर्डर हिंदू शेठला जावी. उलट असेल तर उलट. असं एकदा झालं की मोहल्ल्यात चर्चा होईल, आणि माझ्या मते दहा बयानांचं काम ती एकटी करील.

घरातल्या पिशवीबद्दल फार सांगत नाही. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट पैसे देणारे आपण रस्त्यावरच्या मेथीच्या जुडीवर दोन रुपये तोडतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. शिंप्याची, दूधवाल्याची, कामवाल्या बाईची उधारी ईदच्या आधी चुकती करणं हेही तसंच.

शेवटची गोष्ट वेळेची. मदीनेचे लोक खजुरांचे पैसे पीक यायच्या आधी, कधी वर्ष-दोन वर्षं आधी देत. प्रेषितांनी (स.) ती पद्धत मोडली नाही, तिला अटी घातल्या: माप ठरलेलं हवं, वजन ठरलेलं हवं, मुदत ठरलेली हवी. याला बैअ सलम म्हणतात आणि त्यात पूर्ण किंमत सौद्याच्या वेळीच द्यावी लागते. मुकादमाची उचलही आगाऊच असते, पण तिच्यात माप मोघम, मुदत मोघम आणि माणूस बांधलेला. आपली मशीद कापडाची ऑर्डर शाबानच्या अखेरीस देते, माल दहा रोज्यांच्या आत मागते आणि पैसे ईदनंतर देते. मधले पैसे व्यापारी व्याजाने काढतो, ते मजुरीतून वसूल करतो, आणि रोजा ठेवून रात्रपाळी करणारा पोरगा सेहरीला माग थांबवून पाणी पितो. तीच ऑर्डर रजबमध्ये, माप लिहून आणि पैसे आधी देऊन द्यायला कमिटीला एक पैसा जास्त लागत नाही. फक्त बैठक दोन महिने आधी घ्यावी लागेल.